वाढलेल्या तीन, थांबलेल्या सहा

विश्वाच्या आरंभी, सेकंदाच्या एका कल्पनातीत लहान अंशात, अवकाशातील कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर प्रचंड पटींनी वाढले, असे स्फीतीचा सिद्धांत सांगतो. ही वाढ निदान एकावर सव्वीस शून्ये इतक्या पटींची असावी लागते. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींचा हा हिशेब आहे. स्ट्रिंग सिद्धांताला मात्र अवकाशाच्या नऊ मिती लागतात. त्या खऱ्या मानल्या, तर नऊपैकी तीन अब्जावधी प्रकाशवर्षे पसरल्या आणि उरलेल्या सहा इतक्या लहान राहिल्या की आजवर एकाही उपकरणाला त्यांचा माग लागलेला नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांत मितीमितींत भेदभाव नाही. जी ऊर्जा एका दिशेला ताणते ती बाकीच्या दिशांनाही ताणू पाहते. म्हणून जादा मितींच्या विश्वात स्फीती घडवणे तुलनेने सोपे आहे. ती तीन मितींपुरती आवरून धरणे हे खरे अवघड काम आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले, त्यातले बरेचसे या एका अडचणीभोवतीच फिरत राहिले आहे.

स्फीतीची गरज का भासली ते आधी पाहिले पाहिजे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. त्याचे तापमान २.७२५ केल्विन आहे आणि आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांना ते लाखात एक भाग इतक्या अचूकतेने सारखे आहे. साध्या महास्फोटाच्या गणितात आकाशात साधारण दोन अंशांहून अधिक अंतरावर दिसणाऱ्या भागांचा तोपर्यंत परस्परांशी संपर्कच आलेला नसतो. मग तापमान जुळले कसे? दुसरी अडचण अवकाशाच्या सपाटपणाची. आज अवकाश जवळजवळ सपाट दिसण्यासाठी महास्फोटानंतरच्या पहिल्या सेकंदाला विश्वाची घनता एका विशिष्ट मूल्याशी, एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत एक एवढ्या काटेकोरपणे, जुळलेली असावी लागते. असा जुळवून आणलेला योगायोग भौतिकशास्त्रज्ञांच्या पचनी पडत नाही.

ॲलन गूथ यांनी डिसेंबर १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्रात काम करताना या दोन्ही कोड्यांचे एकच उत्तर शोधले आणि जानेवारी १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले. मॉस्कोचे अलेक्सी स्टारोबिन्स्की १९८० मध्ये वेगळ्या वाटेने तशाच प्रसरणापर्यंत पोहोचले होते. गूथ यांच्या मूळ मांडणीत स्फीती नीट थांबत नसे. तो दोष १९८२ मध्ये आंद्रे लिंडे यांनी, तसेच आंद्रेआस आल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी दूर केला. सुधारित चित्र असे: अवकाशभर एक क्षेत्र पसरलेले असते आणि त्याची ऊर्जा हळूहळू उतरत जाते. अवकाश ताणले गेले तरी ही ऊर्जा विरळ होत नाही, कारण तिचा दाब ऋण असतो, आणि ऋण दाबाचे गुरुत्वाकर्षण ढकलणारे असते. परिणामी ठरावीक काळात दुप्पट, पुन्हा तेवढ्याच काळात दुप्पट, अशी वाढ होत राहते. घातांकी प्रसरण आणि ऋण ऊर्जेचे क्षेत्र ही सामग्री जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉईल यांच्या स्थिरस्थिती विश्वात १९६० च्या दशकातच होती, हे इथे नोंदवण्यासारखे आहे. तिचा उपयोग त्यांनी अर्थातच अगदी उलट निष्कर्षासाठी केला होता. नारळीकर पुढे स्फीतीचे सातत्याने टीकाकार राहिले.

स्फीतीचे सर्वांत मोठे यश मात्र गूथ यांच्या मूळ यादीत नव्हते. १९८१ मध्ये व्याचेस्लाव मुखानोव आणि गेन्नादी चिबिसोव यांनी दाखवले की क्षेत्रातले सूक्ष्म क्वांटम चढउतार स्फीतीमुळे ताणले जाऊन पुढे दीर्घिकांची बीजे बनू शकतात. या चढउतारांची ताकद सर्व लांबींवर जवळजवळ सारखी, पण मोठ्या लांबींवर किंचित जास्त असावी असे या सिद्धांताच्या साध्या मांडण्यांत निघते. प्लँक उपग्रहाने मोजलेला संबंधित निर्देशांक ०.९६५ आहे. पूर्ण सारखेपणा असता तर तो १ आला असता. एवढा बारीक फरक मोजमापात सापडल्यावर स्फीतीकडे निव्वळ कल्पना म्हणून पाहणे कठीण झाले.

जादा मितींची कल्पना याहून कितीतरी जुनी आहे. कोनिग्जबर्गचे गणिती थिओडोर कालुत्सा यांनी १९१९ मध्ये आइन्स्टाइनला लिहून कळवले की सापेक्षतेची समीकरणे पाच मितींच्या अवकाशकालात लिहिली तर त्यांतूनच विद्युतचुंबकत्वाची समीकरणे बाहेर पडतात. आइन्स्टाइन दोन वर्षे घुटमळले. शोधनिबंध १९२१ मध्ये छापून आला. पाचवी मिती दिसत का नाही, याचे उत्तर ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये दिले. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी एक अतिशय लहान वर्तुळ आहे, त्यात थोडे सरकले की माणूस मूळ जागी परत येतो. इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून क्लाइन यांनी या वर्तुळाचा आकार काढला, तो सेंटीमीटरला एकावर तीस शून्ये या संख्येने भागून येणाऱ्या लांबीच्या घरातला. लपवण्याचे हे बंधन निसर्गानेच घातलेले आहे. पॉल एहरेनफेस्ट यांनी १९१७ मध्ये दाखवले होते की तीनपेक्षा जास्त मोकळ्या मिती असत्या तर ग्रहांच्या कक्षा स्थिर राहिल्या नसत्या.

क्लाइन यांच्या चित्रात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती: वर्तुळाची त्रिज्या कायम राहते. समीकरणे तसे म्हणत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही त्रिज्या हेही एक क्षेत्रच आहे आणि ते काळाबरोबर आणि जागेनुसार बदलू शकते. १९८० मध्ये ॲलन चोडोस आणि स्टीव्हन डेटवायलर यांनी एडवर्ड कॅस्नर यांचे १९२१ मधले एक जुने उत्तर पाच मितींना लावले. पदार्थ अजिबात नसलेल्या विश्वातही तीन मिती पसरतात आणि चौथी आक्रसत जाते असे त्यातून दिसले. गंमत अशी, की तीन मितींची वाढ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे प्रारणाने भरलेल्या नेहमीच्या विश्वात होते तशीच. एक मिती लहान का आणि तीन मोठ्या का, याला अशी गतिशील कारणमीमांसा मिळू शकते ही कल्पना आकर्षक होती. पुढच्या तीन-चार वर्षांत अनेकांनी हे गणित जास्त मितींना लावले. आक्रसणाऱ्या मितींमुळे बाकीच्या तिघींना स्फीतीसारखी गती मिळते का, याचा शोध सुरू झाला.

तो मार्ग एका साध्या संबंधावर अडला. आपल्याला जाणवणारे गुरुत्वाकर्षण किती जोरदार आहे हे जादा मितींच्या घनफळावर ठरते. घनफळ दुप्पट झाले तर न्यूटनचा स्थिरांक निम्मा होतो. कालुत्सा-क्लाइन पद्धतीत विद्युतबलाची ताकदही त्रिज्येबरोबर बदलते. म्हणजे जादा मिती आजही आक्रसत असत्या तर निसर्गाचे स्थिरांकच आपल्यादेखत सरकत राहिले असते. तसे झाले नसल्याचे पुरावे चांगले आहेत. पहिल्या काही मिनिटांत जे हेलियम बनले त्याचे वस्तुमानातील प्रमाण सुमारे पाव आहे. गुरुत्वाकर्षणाची ताकद तेव्हा बरीच वेगळी असती, तर हा आकडा चुकला असता. दुसरा पुरावा आफ्रिकेतल्या गॅबन देशातल्या ओक्लो येथील युरेनियमच्या खाणीत १९७२ मध्ये सापडला. तिथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुविखंडनाची साखळी पेटली होती. उरलेल्या समस्थानिकांवरून असे निघते की विद्युतबलाच्या ताकदीत तेव्हापासून कोटीत एक भाग एवढाही फरक पडलेला नाही. थोडक्यात, विश्व काही सेकंदांचे होते तोवरच जादा मिती जागच्या जागी खिळलेल्या असल्या पाहिजेत.

सगळ्याच मिती सारख्या फुगल्या असे मानले तर काय होते? सर्वांत लहान अर्थपूर्ण लांबी प्लँक लांबी मानली जाते. एकावर पस्तीस शून्ये या संख्येने मीटरला भागले की साधारण ती मिळते. तिला स्फीतीच्या सव्वीस शून्यांनी गुणले तर उत्तर एका नॅनोमीटरच्या आसपास येते. हिशेब ढोबळ आहे, कारण घनफळ वाढताना गुरुत्वाकर्षणाची ताकदही बदलते. तरी आकडा बोलका आहे. नॅनोमीटर म्हणजे अणूपेक्षा मोठी लांबी. इलेक्ट्रॉन किंवा प्रकाश अशा मितीत शिरू शकत असते, तर रसायनशास्त्रच वेगळे झाले असते. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये कणांची वागणूक यापेक्षा कित्येक कोटी पटींनी लहान अंतरांवर तपासली गेली आहे आणि तिथेही जादा मितीची चाहूल नाही. दोनच शक्यता उरतात. एकतर काहीतरी त्या मितींना स्फीतीच्या काळातही धरून ठेवत होते, नाहीतर आपला पदार्थ आणि प्रकाश त्या मितींत शिरूच शकत नाहीत.

पहिल्या शक्यतेचे सर्वांत गाजलेले रूप २००३ मध्ये पुढे आले. स्टॅनफर्डचे शमित कचरू, रेनाटा कॅलॉश आणि आंद्रे लिंडे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी यांचा हा शोधनिबंध चौघांच्या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. स्ट्रिंग सिद्धांतातल्या सहा जादा मिती एका गुंतागुंतीच्या आकारात गुंडाळलेल्या मानल्या जातात. या आकाराला अनेक छिद्रे असतात आणि त्यांतून चुंबकीय क्षेत्रासारखी क्षेत्रे ओवता येतात. ओवलेल्या क्षेत्राची मात्रा पूर्णांकातच असते, ती हळूहळू गळून जाऊ शकत नाही, त्यामुळे आकार ताठ राहतो. एकूण घनफळ मात्र या युक्तीने बांधले जात नाही. त्यासाठी आणखी सूक्ष्म क्वांटम परिणाम वापरावे लागतात. शेवटी विरुद्ध भाराचे एक पटल, म्हणजे स्ट्रिंग सिद्धांतातली पडद्यासारखी पसरलेली वस्तू, घालून एकूण ऊर्जा किंचित धन केली जाते, कारण आजच्या विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे. क्षेत्रे ओवण्याचे पर्याय इतके आहेत की संभाव्य विश्वांची संख्या एकावर पाचशे शून्ये अशी सांगण्याची पद्धत पडली. त्या संख्येवरून फार शाई खर्च झाली आहे. इथे महत्त्वाचा आहे तो स्थैर्याचा प्रकार.

हे स्थैर्य कायमचे नसते. जादा मिती अमर्याद वाढल्या की त्यांत साठवलेली ऊर्जा शून्याकडे जाते, हे मायकेल डाइन आणि नेथन सायबर्ग यांनी १९८५ मध्येच दाखवले होते. म्हणजे घनफळापुढे एक लांबच लांब उतार पसरलेला आहे आणि विश्व त्या उतारावरच्या एका लहानशा खळग्यात थांबलेले आहे. किल्ल्याच्या उतारावर खडकात खोदलेल्या टाक्यात पाणी साचते तसे. टाक्याच्या दरीकडच्या काठाची उंची किती, यावर सारे अवलंबून. स्फीतीची ऊर्जा या चित्रात डोंगरच कलता करते. ती फार जास्त असेल तर बाहेरचा काठ पाण्याच्या पातळीखाली जातो आणि घनफळ उतारावरून निसटते. तसे झाले की अवकाशाच्या नऊही मिती मोकळ्या होतात आणि तीन मितींच्या विश्वाची गोष्ट तिथेच संपते. कॅलॉश आणि लिंडे यांनी २००४ मध्ये हे आकड्यांत मांडले. साध्या मांडणीत काठाची उंची ग्रॅव्हिटिनो नावाच्या संभाव्य कणाच्या वस्तुमानाशी बांधलेली असते. प्रयोगशाळेत सापडू शकेल इतका तो कण हलका असेल, तर स्फीती फारच कमी ऊर्जेवर व्हायला हवी आणि तिच्या गुरुत्वीय लहरी कधीच सापडणार नाहीत. यातून सुटण्याच्या मांडण्या आहेत, पण प्रत्येकीत कुठेतरी आकडे जुळवून घ्यावे लागतात.

दुसरी शक्यता पटलांची. १९९८ मध्ये नीमा अर्कानी-हमेद, साव्वास डिमोपोलस आणि गिया ड्वाली यांनी सुचवले की पदार्थ आणि प्रकाश तीन मितींच्या एका पटलाला चिकटलेले असतील आणि फक्त गुरुत्वाकर्षण बाहेर जात असेल, तर जादा मिती मिलिमीटरएवढ्याही मोठ्या असू शकतात. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटले, कारण मिलिमीटरच्या आतल्या अंतरावर न्यूटनचा नियम तोवर कोणी नीट तपासलेलाच नव्हता. पुढच्या वर्षी लिसा रँडल आणि रमण सुंद्रम यांनी वक्र जादा मितीची मांडणी केली. तिच्यात गुरुत्वाकर्षण आपल्या पटलाजवळ आपोआप गोळा होते आणि जादा मिती अनंत असली तरी चालते.

या पटलांनी स्फीतीला एक नवे, भूमितीय रूप दिले. ड्वाली आणि हेन्री टाय यांच्या १९९८ च्या मांडणीत दोन पटले जादा मितीतून एकमेकांकडे सरकतात. तीन मितींत राहणाऱ्याला त्यांच्यामधले अंतर म्हणजेच स्फीतीचे क्षेत्र म्हणून जाणवते. अंतर कमी होत असताना स्फीती चालू राहते आणि टक्कर झाली की ती संपते. टक्करीची उष्णता म्हणजेच आपला महास्फोट. गूथ यांच्या काळापासून स्फीतीचे क्षेत्र नेमके काय आहे हा प्रश्न अनुत्तरित होता. इथे त्याला निदान एक मूर्त उत्तर मिळाले. पण चौघांच्या २००३ च्या निबंधानंतर त्याच चमूने हुआन माल्दासेना आणि लिअम मॅकॅलिस्टर यांच्यासह ही कल्पना स्थिर घनफळाच्या विश्वात बसवून पाहिली, तेव्हा एक विरोध उघड झाला. घनफळ खिळवणारी यंत्रणाच पटलांमधल्या उताराला इतका तीव्र करते की स्फीती पुरेशी टिकत नाही. हा दोष त्यांनी स्वतःच ठळकपणे मांडला, आणि म्हणूनच तो निबंध या विषयातल्या आशावादी निबंधांपेक्षा जास्त उपयोगी ठरला.

तीनच मिती का, या प्रश्नाला थेट भिडणारी मांडणी रॉबर्ट ब्रँडेनबर्गर आणि कम्रुन वाफा यांची, १९८९ मधली. आरंभी नऊही मिती सारख्याच लहान, आणि त्यांच्याभोवती स्ट्रिंग, म्हणजे या सिद्धांतातले सूक्ष्म तंतू, गुंडाळलेल्या. या स्ट्रिंग मितींना पसरू देत नाहीत. दोन विरुद्ध गुंडाळ्या भेटून नष्ट झाल्या तरच मिती मोकळी होते. स्ट्रिंग काळात सरकताना दोन मितींचा पृष्ठभाग रेखते. दोन पृष्ठभाग सहज भेटावेत यासाठी अवकाशकाल दोन अधिक दोन, म्हणजे चार मितींपेक्षा मोठा नसावा लागतो. चारांतून काळ वगळला की अवकाशाच्या तीन मिती उरतात. युक्तिवाद देखणा आहे. नंतरच्या तपशीलवार गणितांनी मात्र त्याला ठाम आधार दिला नाही, आणि त्यात स्फीतीला जागाही नाही. ही मांडणी स्फीतीला पर्याय म्हणूनच पुढे केली जाते.

२०१८ मध्ये वाफा आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने हल्ला चढवला. धन ऊर्जेची स्थिर खळगी स्ट्रिंग सिद्धांतात अजिबात नसतीलच, असे त्यांचे अनुमान. ते खरे असेल तर चौघांच्या २००३ च्या बांधणीचा पायाच जातो आणि साध्या स्फीतीलाही धक्का बसतो. अनुमान सिद्ध झालेले नाही. खंडनही झालेले नाही. याच विचारधारेतून २०२२ मध्ये मिगेल मोंतेरो, वाफा आणि आयरीन व्हालेन्झुएला यांनी एक जादा मिती मायक्रॉनच्या घरातली असावी असे सुचवले. यानंतर स्फीती पाचही मितींच्या अवकाशकालात एकदमच झाली आणि तिनेच या मितीला मायक्रॉनपर्यंत वाढवले, अशा मांडण्या आल्या. वर केलेला नॅनोमीटरचा ढोबळ हिशेब इथे वेगळ्या आकड्यांनी आणि गंभीरपणे परत येतो.

ही शक्यता तपासता येते हे तिचे मोल. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पीळतराजूच्या प्रयोगांनी न्यूटनचा नियम ५२ मायक्रॉनपर्यंत खरा असल्याचे २०२० मध्ये दाखवले. त्यावरून एकच मोठी जादा मिती असेल, तर तिची त्रिज्या ३० मायक्रॉनपेक्षा कमी असली पाहिजे. फार मोठ्या मितींची तपासणी गुरुत्वीय लहरींनी होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत झाली होती. लहरी वाटेत जादा मितीत गळल्या असत्या तर त्या अपेक्षेपेक्षा क्षीण पोहोचल्या असत्या. तसे झालेले आढळले नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायची लायगो-इंडिया वेधशाळा सुरू झाली की अशा टक्करींची जागा अधिक अचूक ठरवता येईल आणि ही तपासणी धारदार होईल.

स्फीतीच्या काळाचा थेट पुरावा म्हणजे तिने स्वतः निर्माण केलेल्या गुरुत्वीय लहरी. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने त्या सापडल्याचे जाहीर केले; नंतर तो संकेत आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. २०२१ मध्ये त्याच गटाच्या सुधारित मोजमापांनी या लहरी आणि घनतेतील चढउतार यांचे गुणोत्तर ०.०३६ पेक्षा कमी असल्याचे दाखवले. जादा मितींत क्षेत्राला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावून स्फीती घडवणाऱ्या एका स्ट्रिंग मांडणीचे भाकीत ०.०७ होते. ती तिच्या साध्या रूपात बाद झाली. जादा मितींवरच्या एका मांडणीला आकाशातल्या मोजमापाने नाकारले, ही या क्षेत्रातली दुर्मीळ घटना आहे.

आणखी एक खूण शोधता येण्यासारखी आहे. जादा मितीत गुरुत्वाकर्षणाचा कण फिरत असेल, तर तीन मितींत तो वाढत्या वस्तुमानांच्या कणांच्या मालिकेसारखा दिसतो. स्फीतीची ऊर्जा आजच्या कोणत्याही त्वरकापेक्षा प्रचंड मोठी असू शकते. त्यामुळे असे जड कण तेव्हा क्षणभर निर्माण होऊन दीर्घिकांच्या मांडणीत आपला ठसा ठेवू शकले असते. अर्कानी-हमेद आणि माल्दासेना यांनी २०१५ मध्ये असा ठसा ओळखण्याची रीत दाखवली: आकाशातल्या तीन-तीन बिंदूंच्या घनतेची एकत्र तुलना करायची आणि त्यात लयबद्ध चढउतार दिसतात का ते पाहायचे. तसे दिसले तर त्यांच्या लयीवरून कणाचे वस्तुमान आणि वस्तुमानांच्या मालिकेवरून जादा मितीचा आकार काढता येईल. प्लँकच्या मोजमापांत असा संकेत सापडलेला नाही. मार्च २०२५ मध्ये सोडलेली नासाची स्फेरेक्स दुर्बीण कोट्यवधी दीर्घिकांची नोंद करून हीच त्रिबिंदू तुलना अधिक बारकाईने करण्यासाठी बांधलेली आहे.